जावईबापूंची लेन्स

आम्ही नवरा-बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मेथी निवडणं. दारातल्या ओट्यावर बसलो होतो. ती पानं खुडत होती, मी पानांबरोबर काड्याही टाकत होतो, आणि ती एकेक काडी उचलून मला दाखवत होती. तेवढ्यात ओझरहून जावई आले. नोकरी कारखान्यात, पण जीव कॅमेऱ्यात. नवीन लेन्स घेतली होती. किंमत ऐकून मी विचारलं, "यात माणूस आतून दिसतो का?"

"मामा, शार्पनेस बघा फक्त," म्हणाले आणि बसल्या जागी आमचा फोटो काढला.

मग कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दाखवला. हिच्या हनुवटीवरचा केस न् केस, पडलेल्या दाताची खिंड, चष्म्याच्या दांडीला गुंडाळलेला दोरा, सगळं लख्ख. मी तिच्या मागे बसलेलो. माझ्या जागी एक तपकिरी डाग.

"मी कुठाय?"

"ही लेन्स मागचं धूसर करते, मामा. त्याचेच तर पैसे."

एवढे पैसे मोजून सासऱ्याला पुसणारा जावई मी पहिल्यांदा पाहिला.

ती त्यांना म्हणाली, "छान आलाय हो." ते हातपाय धुवायला आत गेले आणि तोफ माझ्याकडे वळली. "अहो, तो पुसायला सांगा त्यांना. मेले तरी कुणाला दाखवायचा नाही. आपला मोबाईलच बरा."

आमच्या मोबाईलच्या भिंगाला कायम तिच्या हातचं तेल. त्यात ती पंधरा-वीस वर्षांनी लहान दिसायची. जावयांनी एकदा ते रुमालाने पुसलं, तर मोबाईल बिघडवला म्हणून आठवडाभर मला बोलणी. पुन्हा पुऱ्या तळल्या, तेव्हा कुठे तो दुरुस्त झाला.

मी सातवी नापास. लेन्समधलं मला काय कळतंय? पण फोटो बरा की वाईट हे ज्याचा आहे त्याने ठरवावं. मी जावयांना सांगितलं, ते "हो हो" म्हणाले आणि मुक्कामाला राहिले. जेवताना एक काडी माझ्याच दातात आली. तिने ते बरोबर पाहिलं.

सकाळी ती उठली नाही. झोपेतच गेली, डॉक्टर म्हणाले.

मुलगी ओझरहून निघाली. शेजारचा म्हणाला, "काका, ग्रुपवर टाकायला काकूंचा फोटो द्या." जावयांनी डोळे पुसत कॅमेरा पुढे केला. फोटो काही पुसला नव्हता त्यांनी. मी म्हणालो, "तो नाय." मोबाईलमधला दिला, घोटीच्या लग्नातला, तिचा आवडता. आम्ही दोघं. मांडवातल्या दिव्याचा उजेड तेलकट भिंगावर पसरून ती धुक्यात गेलेली, माझ्या मिशा मात्र ठळक. शेजाऱ्याने घाईत नुसतं आडनाव लिहिलं आणि खाली 'दुःखद निधन'.

तासाभरात देवळाली कॅम्पातला माझा जुना दोस्त हार घेऊन आला. मी दारात उभा. त्याने हार पाठीमागे लपवला.

"तू हायेस?"

"हाय."

"मग रिक्षात मी कुणासाठी रडत आलो?"

त्याच्यामागून गल्लीतल्या दोन बाया आल्या. मला पाहून एक म्हणाली, "बरं झालं बाई!" दुसरीने तिला कोपर मारलं.

मला हसू आलं. हे तिला सांगायला म्हणून वळलोही. मग लय राग आला. गेली ती आणि लोक माझ्यासाठी रडतायत! आजच्या दिवशी तरी हिचं रडणं हिला मिळू नये?

जावयांना म्हणालो, "काढा तो कालचा."

"मामा, मामींनी नको म्हटलं होतं ना?"

"तिला मी सांगतो."

आत गेलो, तिच्याजवळ बसलो. म्हणालो, "लोकांना वाटतंय मीच गेलो. तुझा तो फोटो दाखवावा लागतोय. काय बोलायचं ते मला बोल, त्यांना बोलू नको."

थोडा वेळ थांबलो. मग बाहेर येऊन जावयांना म्हटलं, "पाठवा."