वत्सलामावशींची बोट

आमच्या ग्रुपमध्ये कुणाच्याही घरी जेवण असलं की पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी बोटीचं सांगायला लावतं. मग ज्यांनी ते तेरा वेळा ऐकलंय तेच सगळ्यात पुढे सरकून बसतात. सांगणारा बदलला की एखादा तपशील वाढतो, आणि तोवर वरण गार होतं. मी यातल्या प्रत्येक प्रसंगाला हजर होते, त्यामुळे निदान माझी आवृत्ती तरी खरी धरा.

आम्ही मिनेसोटात, ईडन प्रेरीला राहतो. पाच मराठी कुटुंबं. गाडीने साडेचार तासांवर, लेक सुपीरियरच्या दक्षिण किनाऱ्याला छोट्या बेटांचा एक पुंजका आहे, अपॉसल आयलंड्स. लाटांनी तिथले कडे खालून कोरून काढलेत. बोट त्या गुहांच्या अगदी तोंडापर्यंत जाते. म्हणजे वारा नसेल तर जाते.

हे खूळ आमच्या डोक्यात शिरलं ते वत्सलामावशींमुळे. मावशी म्हणजे आमच्या प्रज्ञाची आई. नागपूरला महापालिकेच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. बेट, उपसागर, भूशिर, सागरी गुहा, सगळं शिकवलं आणि बोटीत एकदाही पाय ठेवला नाही. समुद्र पाहिला तो सहा डिसेंबरला चैत्यभूमीला गेल्यावर, रांगेतून, मान वळवून. पहिल्यांदा लेकीकडे आल्या तेव्हा प्रज्ञाने विचारलं, काय बघायचंय, न्यूयॉर्क की नायगारा? मावशी म्हणाल्या, जवळपास एखादी सागरी गुहा असेल तर बघू.

नात मैत्रेयी लगेच म्हणाली, "आजी, इट्स अ लेक, नॉट अ सी."

मावशींनी पलीकडचा काठ दिसतो का, एवढंच विचारलं. दिसत नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग चालेल मला."

*

ग्रुपचे पुढारी साठेकाका. भूल देणारे डॉक्टर, आता रिटायर्ड, इथे येऊन पंचेचाळीस वर्षं झाली. मराठी माणूस वेळेवर येत नाही, हे त्यांचं ठाम मत. पहिल्या वर्षी बोट सकाळी दहाची होती. म्हणून काकांनी मला फोन करून नऊ सांगितलं.

आता मंडळाच्या गणपतीत मीही कामं केलेली आहेत. मी सावधगिरी म्हणून प्रज्ञाच्या नवऱ्याला, मिलिंदला, आठ कळवलं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप त्याच्याकडे. त्याने ग्रुपवर सात टाकलं. का, तर "यार, आपले लोक तुला माहितीयेत."

आणि आमच्या इतिहासात पहिल्यांदाच झाडून सगळे वेळेवर आले! सकाळी सातला, कुलूपबंद धक्क्यावर, थंडीने कुडकुडत.

काका एका मित्राच्या केबिनमध्ये उतरले होते. ते नऊच्या ठोक्याला आले. आम्ही केव्हापासून उभे आहोत हे कळल्यावर भयंकर चिडले.

"दहाच्या बोटीला सातला येतं का कुणी? वेळेचं काही गांभीर्यच नाही तुम्हाला."

साडेनऊला ऑफिसातली मुलगी बाहेर आली आणि तिने फळ्यावर लिहिलं की वाऱ्यामुळे आज बोट नाही. नकार ऐकायला इतक्या लवकर आलेली माणसं तिने पहिल्यांदाच पाहिली असणार.

*

त्याच दिवशी मग आम्ही किनाऱ्यावरच्या एका कड्याखाली भेळ खात बसलो. काकांनी तेवढ्यात माहिती द्यायला घेतली. हे सगळे कडे चुनखडीचे, चुनखडी पाण्यात विरघळते, म्हणून गुहा, वगैरे. काका बोलत असताना मध्ये बोलायची आमच्यात पद्धत नाही.

मावशींनी सुनंदाकाकूंकडून, म्हणजे काकांच्याच बायकोकडून, भेळेसाठी आणलेलं अर्धं लिंबू मागून घेतलं. कड्यावरून निखळलेला एक दगड उचलला, त्यावर लिंबू पिळलं आणि तो कानाशी धरला. मग डोळ्यांजवळ नेला. भेळ खायची थांबवून सगळे बघत होते.

"चुनखडी असती तर बुडबुडे आले असते, डॉक्टरसाहेब. हा वालुकाश्म."

काकांनी दगड हातात घेतला, उलटसुलट पाहिला, आणि काकूंकडे वळून म्हणाले, "लिंबू शिळं आहे."

*

मावशी सहा महिने राहून परत गेल्या. नागपूरला त्यांच्या रिटायर्ड शिक्षिकांचा एक ग्रुप आहे. तिथे विचारलं गेलं, अमेरिकेत काय काय पाहिलं? मावशींनी लिहिलं, "पार्किंग लॉट. फार स्वच्छ असतात."

प्रज्ञाने मला तो मेसेज दाखवला तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग तिने फोन खाली ठेवला. म्हणाली, हिने आयुष्यात माझ्याकडे एवढीच एक गोष्ट मागितलीय.

*

दुसऱ्या खेपेला मावशी आल्या तेव्हा काकूंनी जेवणाची यादी ग्रुपवर टाकली. प्रत्येकीने एकेक पदार्थ लिहायचा. सगळ्यांनी लिहिलं तसं आणलं, शिवाय दुसरीचं कमी पडेल म्हणून तिचंही थोडं आणलं. धक्क्यावर बर्फ भरलेल्या कूलरच्या चार पेट्या, दोन पिशव्या आणि पुऱ्यांचा एक स्टीलचा डबा उभा राहिला. कॅप्टनने ते सगळं न्याहाळलं आणि काकूंना अदबीने विचारलं, तुम्ही बेटावर मुक्कामाला चाललाय का?

काकू म्हणाल्या, "नो, नो. ओन्ली थ्री अवर्स. दॅट्स व्हाय वी ब्रॉट लेस."

*

त्या दिवशी काकांनी आणखी एक पराक्रम केला. बोट लागू नये म्हणून त्यांनी तासभर आधी सगळ्यांना गोळ्या दिल्या. स्वतः रांगेत उभं करून, पाणी हातात देऊन. "डॉक्टर मी आहे," म्हटल्यावर कोण काय बोलणार? मावशी तेवढ्या नको म्हणाल्या. त्यांना सगळं जागेपणी बघायचं होतं.

सुटायच्या वेळेला लाटा वाढल्या आणि बोट पुन्हा कॅन्सल झाली. गोळ्या मात्र कॅन्सल होत नाहीत. आम्ही पिकनिकच्या बाकांवर, गवतावर, गाड्यांत, जिथे टेकलो तिथे आडवे झालो ते दुपारी दोनला उठलो. स्वतः काकाही कूलरवर डोकं ठेवून घोरत होते, असं मावशी सांगतात. काका ते मान्य करत नाहीत. त्यांचं म्हणणं एकच.

"चाळीस वर्षांत माझा एकही पेशंट वेळेआधी जागा झालेला नाही."

मला जाग आली तेव्हा मावशी धक्क्याच्या टोकाला बाकावर एकट्या बसल्या होत्या. लांब क्षितिजाजवळ बेटांच्या बारीक रेषा दिसत होत्या. मी शेजारी जाऊन सॉरी म्हटलं. त्या म्हणाल्या, अगं, तुझा काय दोष, वाऱ्याचा आहे. पण बेटांवरून नजर काढली नाही. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

*

तिसरी खेप या उन्हाळ्यातली. मावशी चौऱ्याहत्तरच्या झाल्यात. गुडघ्याने जेरीस आणलंय. आल्या आल्याच सांगून टाकलं की एवढा प्रवास आता यापुढे झेपायचा नाही, ही शेवटची. परतीचं विमान मंगळवारी, बोट त्याच्या आधीच्या शनिवारी. त्याआधीचे दोन शनिवार पावसात गेले होते.

मिलिंदचं कामच आकड्यांचं. त्याने हवामानाची चार अ‍ॅप्स लावली, त्यांची सरासरी काढली, आलेख केला, आणि शुक्रवारी मोटेलच्या खोलीत सासूबाईंसमोर लॅपटॉप उघडून बसला. बोट सुटण्याची शक्यता साठ टक्के, असं त्याने जाहीर केलं.

मावशींनी चष्मा लावून आलेख नीट पाहिला. शिक्षिकाच त्या, मांडणी चांगली आहे म्हणाल्या. मग चष्मा काढला.

"जावईबापू, त्या साठांत मी आहे का, तेवढं सांगा."

मिलिंदने लॅपटॉप बंद केला.

*

शनिवारी बोट सुटली!

पण सुटताना कॅप्टनने माइकवर सांगितलं की जवळची बेटं नक्की दाखवीन, गुहांचं बेट सगळ्यात टोकाला आहे, तिथे लाटा पाहून ठरवीन. तरुण मुलगी होती, गोलगोल बोलली नाही. मावशींनी पांढऱ्या साडीवर लाइफ जॅकेट चढवलं होतं, डोक्याला मैत्रेयीचा स्कार्फ बांधला होता. एक बेट गेलं, दुसरं गेलं. बोट हलायला लागली तसा प्रज्ञाने माझा हात धरला, तो नखं रुतेपर्यंत.

शेवटच्या बेटापाशी कॅप्टनने वेग कमी केला. पाण्याकडे पाहिलं, रेडिओवर कुणाशी तरी बोलली, पुन्हा पाण्याकडे पाहिलं. आणि बोटीचं नाक आत वळवलं.

समोर तांबडे कडे, त्यांच्या पोटात काळ्या गुहा, आणि आत पाणी जात-येत असल्याचा घुमणारा आवाज. सगळ्यांचे फोन वर झाले. प्रज्ञा मात्र फोन आईकडे रोखून होती.

मावशी उठल्या. काकांनी हात पुढे केला, तो धरून त्या बोटीच्या पुढच्या टोकाला गेल्या. कठडा धरला. आणि गुहांकडे पाठ करून आमच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"आई, मागे बघ ना," प्रज्ञा म्हणाली. "बोट फार वेळ थांबणार नाही."

मावशींनी हाताने तिला गप्प केलं. आणि माइकची गरज नसलेल्या आवाजात सुरुवात केली.

"ही सागरी गुहा. लाटा कड्याच्या पायथ्याशी सतत आदळतात, तिथला मऊ खडक झिजतो आणि पोकळी होते." हात खांद्यावरून मागे गेला आणि बरोबर गुहेवर थांबला. "दोन्हीकडून झीज झाली की कमान." हात कमानीवर. "कमानीचं छत कोसळलं की उरतो तो स्तंभ." हात त्या एकट्या उभ्या खांबावर. एकदाही मागे न बघता.

कॅप्टनने इंजिन आणखी हळू केलं.

"शेवटच्या बाकावर दिसतंय का?"

शेवटच्या बाकावर एक म्हातारं अमेरिकन जोडपं होतं. त्यांच्या शेजारी जाऊन बसलेल्या साठेकाकांनी हात वर केला. ते पाहून त्या दोघांनीही केला.

"दिसतंय, बाई," काका म्हणाले.

"मग आता मी बघते," मावशी म्हणाल्या, आणि वळल्या.