न खरवडलेला रंग

मी कामचुकार माणूस नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. वसमतला माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुसऱ्या कुणी अर्धवट केलेलं काम माझ्या टेबलावर आलं, की माझं डोकं फिरायचं. गिऱ्हाइकासमोरच मी त्या न पाहिलेल्या मेकॅनिकचा उद्धार करायचो. त्यामुळं नव्वदीच्या अखेरीस आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यानं वायरलेस सेट घेतले, तेव्हा ते बसवायचं काम आपसूक माझ्याकडं आलं.

मोबाईल तेव्हा आमच्याकडं आले नव्हते. उसाची तोड कुठल्या शिवारात चालू आहे, ट्रॅक्टर कुठं फसलाय, हे कारखान्याला या सेटवरून कळायचं. कारखान्यात उंच टॉवर, त्याच्याखाली कंट्रोलची खोली, आणि शेतकी खात्याच्या गाड्यांवर एकेक सेट.

गाडीवर अँटिनाची काठी उभी केली की झालं, असं लोकांना वाटतं. पण तिची अर्धी ताकद गाडीच्या पत्र्यात असते. वायरीतली मधली तार काठीला जाते, आणि तिच्याभोवतीची जाळी पत्र्याला भिडावी लागते. उघड्या पत्र्याला, रंगाला नव्हे. म्हणून बसवायच्या जागी रंग कानशीनं खरवडून पत्रा चकचकीत करायचा आणि मगच नट आवळायचा. याला आम्ही अर्थिंग म्हणतो. ती नसली तर गाडीतल्या माणसाला कंट्रोलचं सगळं ऐकू येतं, पण त्याचा आवाज लांबून कंट्रोलपर्यंत पोचत नाही.

शेवटची गाडी एक कोरी पांढरी पिकअप होती. तिचा ड्रायव्हर आखाडा बाळापूरच्या बाजूच्या एका तांड्यावरचा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. नवी गाडी आयुष्यात पहिल्यांदा हातात आलेली. गाडी कारखान्याची, पण हा बाबा तिला अशी पुसायचा की जणू सासऱ्यानं दिलीय. मी ड्रिल मशीन काढलं तसा तो आडवा आला.

"मिस्तरी, सव्वा महिना तिला भोक पाडू नका. कालच पूजा झाली."

"काहून? बाळंत झाली का गाडी?"

"हसा तुमी. पण माझ्या मायनं बजावून सांगितलंय. नव्या वस्तूला सव्वा महिना हत्यार लावायचं न्हाई."

मग केबिनच्या मागं पाइपाचा गार्ड होता, त्यालाच क्लॅम्पनं काठी आवळायची ठरवली. म्हटलं, निदान क्लॅम्पखालचा रंग तरी नखाएवढा खरवडू दे. त्यालाही तो तयार होईना. "सव्वा महिन्यानं मी सोता गाडी घेऊन येतो की दुकानावर."

रंग का खरवडायचा, हे मी त्याला सांगितलंच नाही. ड्रायव्हरला काय सांगत बसायचं, हा माझा तोरा. शिवाय माझी वसमतची एसटी निघायची वेळ झाली होती आणि दिवसभर उन्हात काम करून मला कंटाळा आला होता. कारखान्याच्या आवारातूनच सेट लावून पाहिला. कंट्रोलची खोली समोरच, आवाज खणखणीत. मी कागदावर सही करून मोकळा झालो.

आणि सव्वा महिन्यानं तो खरंच आला. दुकानासमोर गाडी उभी करून म्हणाला, "घ्या, आता काय भोकं पाडायची ती पाडा." माझ्यापुढं एक टीव्ही उघडा पडलेला, गिऱ्हाईक उरावर बसलेलं. मी मान वर न करता विचारलं, "चालून राहिला ना सेट?"

"चालतो की."

"मग राहू दे. नंतर बघू."

तोवर त्याची गाडी जवळच्याच शिवारांत फिरत होती. जानेवारीत त्याला लांबच्या गटावर, म्हणजे दूरच्या गावांच्या उसावर पाठवलं. तिथं एका दुपारी उसानं भरलेली ट्रॉली नाल्याच्या काठावरून कलंडली आणि एका तोडणी कामगाराचा पाय तिच्याखाली सापडला. ट्रॉली उचलायला क्रेन पाहिजे, आणि क्रेन कारखान्यात. ड्रायव्हर पिकअपमध्ये बसून माईकचं बटण दाबून कंट्रोलला हाका मारत राहिला. कंट्रोलवाला दुसऱ्या कुठल्या गाडीला डिझेलचं विचारत होता, तेसुद्धा याला स्वच्छ ऐकू येत होतं. म्हणून त्याला वाटत राहिलं, आपलंही आता ऐकतील, आता ऐकतील. अर्धा तास असा गेला. मग तो गाडी पळवत फोन असलेल्या गावात गेला. कामगार वाचला, पण पाय गुडघ्यापासून कापावा लागला. डॉक्टर म्हणाले, लवकर निघाला असता तर पाय राहिला असता.

चौकशी लागली. अर्धा तास हाका मारल्या, असं तो सांगत होता, पण कंट्रोलच्या वहीत त्या अर्ध्या तासात याच्या गाडीचा एकही कॉल नव्हता. कुणी म्हणालं, हा झाडाखाली झोपला असंल. शेतकी अधिकाऱ्यांनी मला बोलावून घेतलं. "सेट तपासा आणि तसं लिहून द्या."

गॅरेजमागं पिकअप उभी होती. मी एकटाच होतो. मीटरची एक पिन अँटिनाच्या बुडाला लावली, दुसरी गाडीच्या उघड्या बोल्टला. सुई हललीसुद्धा नाही. म्हणजे जाळी पत्र्याला भिडलेलीच नव्हती. तो माणूस अर्धा तास ओरडत होता आणि त्याचा आवाज माझ्या क्लॅम्पपाशी अडून पडला होता.

मग मी जे केलं, ते आजही सांगताना जीभ जड होते. मी क्लॅम्प सोडला, कानस काढली, रंग खरवडला आणि नट पुन्हा आवळला. सुई टोकापर्यंत गेली. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. खरवडलेला रंग बोटानं झटकून टाकला आणि कागदावर लिहिलं, 'सेट व अँटिना तपासले. चालू स्थितीत आहेत.'

साहेबांनी वाचून विचारलं, "म्हणजे यानं कॉल केलाच नाही?"

"सेट चालू आहे साहेब," मी म्हणालो.

ड्रायव्हर दारातच उभा होता. मी आणखी काही बोलेन, असं वाटून तो माझ्याकडं बघत राहिला. मी पिशवी उचलली आणि निघालो. मला भीती होती ती काम जाण्याची आणि वसमतमधल्या नावाची. एका माणसाचा पाय आपल्या नावावर चढेल, याची तर फारच. त्याच आठवड्यात त्याला कामावरून काढलं. खोटारडा म्हणून शिक्का बसला, तो वेगळाच. पुढं त्या भागात कुणी त्याच्या हातात गाडी दिली नाही.

सात-आठ वर्षांनी आखाडा बाळापूरच्या बाजारात तो भेटला. केस पांढरे झालेले. मी तोंड चुकवून निघालो होतो, पण त्यानंच हाक मारून हॉटेलात नेलं. शेतीच करतो म्हणाला. चहा आला. मला वाटलं, आता हा विचारणार. मी मनातल्या मनात कारणं जुळवत होतो.

"मिस्तरी, तुमच्यावर माझा राग न्हाई," तो म्हणाला. "तुमी जे पाहिलं ते लिहिलं. सेट चालूच व्हता. मीच घाबरलो व्हतो. लई वर्सं इचार केला, तवा उमगलं. घाईत मी बटण बराबर दाबलंच नसंल. त्या माणसाचा पाय माझ्यामुळं गेला. त्याच्या गावाला जाऊन पाया पडून आलो मी."

तू बटण दाबलं होतंस. एवढंच म्हणायचं होतं मला. शब्द अगदी ओठावर आले होते. तो कप खाली ठेवून माझ्या तोंडाकडं बघत थांबला होता.

"घाईत होतं तसं कधी कधी," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. "व्हय. माझी बायकू न्हाई म्हणती, पण मला बी तसंच वाटतं."