स्वयंपाकघरातलं बाळंतपण

मला मांजर आवडत नाही. तिचं अंग पायाला घासून गेलं तरी मी साबणानं पाय धुते. माझ्या नवऱ्याला हे चांगलं माहीत आहे. तरी रेल्वेतून रिटायर झाल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात ह्यांनी एका भटक्या मांजरीला आमच्या चौबे कॉलनीतल्या घरात घेतलं. करडी, अंगावर नुसती हाडं, पोट मात्र खाली लोंबलेलं. डोळ्यांच्या कोपऱ्यांत पिवळी चिपडं, आणि कानामागं काळं काही तरी हलत होतं. पिसवा.

"पोटुशी आहे वं ते," हे म्हणाले.

"मंग मी काय करू?"

"तू काही नोको करू. मी पायतो तिचं."

आणि खरंच पाहायला लागले. घरात कधी पाण्याचा पेला स्वतः न घेतलेला हा माणूस रोज सकाळी बाजारात जाऊन माशाची मुंडकी आणायला लागला. मासे आमच्याकडे चालतात, पण मसाल्यात घातलेले, आणि रविवारी. बिनमिठाचं मुंडकं नुसत्या पाण्यात रटरटायला लागलं की जो वास सुटतो तो पडद्यांत गेला, उशांच्या अभ्र्यांत गेला, माझ्या केसांत जाऊन बसला. हे उकिडवे बसून बोटांनी काटे काढायचे, फुंकर घालून घास निववायचे आणि तिच्या तोंडापुढे धरायचे. "खाय माय, खाय. दोन जिवाची आहे तू." ती खरखरीत जिभेनं बोटं चाटायची. मग त्याच हातावरून नळाची धार नुसती फिरवून हे भात कालवायला बसायचे. मी माझं ताट उचलून दुसऱ्या खोलीत जायची.

दोन जिवाची. हे शब्द मी ह्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते.

मला दिवस गेले तेव्हा आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. मला सकाळ-संध्याकाळ ओकाऱ्या व्हायच्या. एका दुपारी हे जेवत असताना मोरीपर्यंत पोचायच्या आतच झाली. ह्यांनी ताट सरकवलं. "तुले दुसरीकडं जाता येत नाही का? माणूस जेवून राहिला इथं," असं म्हणून चप्पल घालून बाहेर निघून गेले. मीच फडकं घेतलं, मीच पुसलं, आणि पुसता पुसता पुन्हा ओकले. त्यानंतर पदराचा बोळा तोंडात कोंबून आवाज दाबायची मला सवय लागली. तुला काय खावंसं वाटतं, हे पूर्ण नऊ महिन्यांत कोणी विचारलं नाही.

त्यामुळे त्या उन्हाळ्यात मांजरीची किळस कुठली आणि ह्यांची कुठली, हे मला वेगळं करता येत नव्हतं.

हे तिला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडेही घेऊन गेले. डॉक्टरनं पोट चाचपून सांगितलं की आता फार दिवस नाहीत, एक खोकं आणि जुने कपडे द्या, बाकी तिचं तिला करू द्या. घरी आल्यावर ह्यांनी टीव्हीचा जुना खोका माळ्यावरून काढला आणि माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"तुही एखादी नरम साडी दे ना. माझे कपडे टोचतीन तिले."

मी एक फाटका गाऊन फेकला. ह्यांनी तो घडी घालून खोक्यात अंथरला, वरून हात फिरवून पाहिला. मांजरीनं मात्र खोक्याकडे ढुंकून पाहिलं नाही. तिनं माझ्या ओट्याखालची जागा पसंत केली, तांदळाच्या डब्याशेजारची. तिथल्या फरशीवर लालसर, चिकट डाग पडायला लागले. तिथून दोन पावलांवर मी पोळ्या लाटत होते. मी झाडू घेऊन तिला हाकलायला वाकले, तर हे धावत आले.

"पोटुशा जिवाले झाडू दाखवून राहिली? काही दया हाय का तुले?"

माझ्या हातातला झाडू तसाच राहिला.  मी तांदळाचा डबा उचलून हॉलमध्ये नेऊन ठेवला आणि ओट्याखालची जागा तिला दिली.

त्यानंतर एक-दोन दिवसांतच, दुपारी, बाहेर ऊन नुसतं भाजत असताना तिनं खाणं सोडलं. तोंड उघडं टाकून कुत्र्यासारखी धापा टाकायला लागली. मधूनच फिरून स्वतःचं मागचं अंग चाटायची. हे कोमट पाण्यात फडकं बुडवून तिथं पुसत होते आणि "झालं, झालं माय, होते आता," म्हणत होते. मी दारात उभी होते. बंगलोरच्या मुलीला व्हिडिओ कॉल लावून फोन खिडकीला टेकवून ठेवला होता. आमच्या पोट्टीला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र हिंदीत.

"पापा, उसको बार बार टच मत करो," ती म्हणत होती. पापा ऐकत नव्हते.

मग मांजर एकदम ताणली आणि एक काळपट, ओली पिशवी बाहेर आली. तिनं वळून पिशवी दातांनी फाडली. आतलं ओलं पिल्लू चाटलं. नाळ चावून तोडली. पाठोपाठ वार पडली, काळ्या कलेजीच्या तुकड्यासारखी, आणि ती वार तिनं खायला घेतली. त्या चावण्याचा आवाज मी कधी विसरेन असं वाटत नाही. ह्यांच्या हातातलं फडकं गळून पडलं. चेहरा पांढरा झाला. उठले आणि भिंतीला धरत धरत बेसिनकडे गेले.

ती खातच होती तेवढ्यात दुसरी पिशवी आली. मांजरीनं तिकडे पाहिलंही नाही. पिशवी फरशीवर पडून होती आणि आत काहीतरी किंचित हललं.

"अहो! या इकडं! तुमचं काम हाय हे!"

बेसिनवरून फक्त ओकण्याचा आवाज आला.

"मम्मी, झिल्ली फाड़ो!" मुलगी फोनमधून ओरडली. "वो साँस नहीं ले पाएगा! हाथ से फाड़ो, जल्दी!"

मी खाली बसले. डोळे मिटून घ्यायचे होते, पण मिटून काही दिसलं नसतं. ते पातळ आवरण गरम होतं आणि बोटांतून निसटत होतं. नखानं धरून ओढलं तसं फाटलं आणि हिरवट काळं पाणी माझ्या मनगटापर्यंत आलं. लोखंडासारखा वास. पिल्लाच्या नाकातोंडावरचा बुळबुळीत थर मी पदरानंच पुसला, कारण फडकं लांब पडलं होतं. मग त्याला पदरात धरून घासत राहिले.  पुष्कळ लोक अशा वेळी माया दाटून आल्याचं सांगतात. मला तसं काही झालं नाही. मला फक्त हात धुवायचे होते. पण ते चिरकेपर्यंत मी घासत राहिले, आणि ते चिरकलं. मांजरीनं मान वर केली, माझ्या हातातून त्याला ओढून घेतलं आणि नाळ तोडली. तिसऱ्या पिल्लाचं सगळं तिनं स्वतः केलं.

तेव्हा कुठे हे दारात आले. नाकावर टॉवेल. "झालं का?"

मुलीच्या वेळी दवाखान्यात हे असेच उभे होते, वॉर्डाच्या उंबऱ्यावर, नाकाला रुमाल लावून. आत फिनेलचा आणि रक्ताचा वास होता. मला टाके पडले होते, आणि हे मुलीचं तोंड लांबूनच पाहून चहा प्यायला गेले होते.

मी मोरीत जाऊन भांड्याच्या साबणानं हात धुतले, मग डेटॉलनं, मग पुन्हा साबणानं. साडी बादलीत टाकली. संध्याकाळी ह्यांनी चहा केला, स्वतः केला, आणि माझ्यापुढे ठेवला. कप तोंडाशी नेला तर बोटांना अजून तो वास येत होता. कप खाली ठेवला.

हे बराच वेळ ओट्याखाली पाहत बसले होते. मग हळूच म्हणाले, "तुले बी एवढा तरास झाला होता काय वं? पोरीच्या टायमाले?"

मुलीचं लग्न होऊन गेलं. हा माणूस इतकी वर्षं माझ्या शेजारी झोपला, आणि हे विचारायला त्याला मांजर लागली. त्या क्षणी जी किळस मला आली तिच्यापुढे वार खाणारी मांजर काहीच नव्हती.

"याच्याहून जास्त," मी म्हणाले. "अन् मले कोणी चाटलं बी नाही, पुसलं बी नाही."

 हे उठले, घाण झालेली फडकी आणि माझी साडी असलेली बादली उचलून मोरीत नेली आणि धुवायला बसले. मध्येच उमासा आला की उठायचे, भिंतीला टेकायचे, पुन्हा बसायचे. मी दारातून पाहत होते. मदतीला गेले नाही. वाईटही वाटलं नाही, बरंही वाटलं नाही. साडी नीट निघाली नाही, डाग राहिलाच.

पिल्लं मोठी झाली. दोन शेजारच्या कॉलनीतल्या लोकांनी नेली, एक आमच्या मागच्या गल्लीतच फिरतं. मांजर दूध तोडून मोकळी झाली तेव्हा मी म्हटलं, हिचं ऑपरेशन करून आणू. हे कासावीस झाले. "काहून? बिचारीले काहून कापायचं? पाप लागते."

"तुमाले काय लागते?" मी म्हणाले. "तुम्ही बेसिनवर जासान."

दुसऱ्या दिवशी मी एकटीच तिला पिशवीत घालून, चेन अर्धी बंद करून, ऑटोत बसले. चौक ओलांडतो न ओलांडतो तोच ती मांडीवर मुतली. गरम पाणी पिशवीतून झिरपून साडीत उतरलं. ऑटोवाल्यानं आरशातून पाहिलं आणि नाक मुरडलं. "दीदी, कुछ बदबू आ रही है क्या?"

"हव," मी म्हणाले. "चलो तुम."

पिशवी खाली ठेवली असती तर ती घाबरून ओरडली असती. म्हणून तशीच मांडीवर घट्ट धरून, तोंड बाहेरच्या वाऱ्याकडे करून, मी डॉक्टरच्या दारापर्यंत बसून राहिले.