एकसष्ट चिमण्या

संत्र्याच्या बाजारात मी वीस वर्षं मोजणी केली. आधी दुसऱ्याच्या आडतीवर, मग स्वतःच्या. तीन फळं एका हातात, दोन दुसऱ्यात, असा पाचाचा हात उचलायचा आणि मोठ्यानं आकडा म्हणत पलीकडच्या ढिगावर टाकायचा. पहिल्या हाताला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. माझ्या मोजणीवर काटोलकडचे बागवाले न बघता मान हलवायचे. शाळा चौथीपर्यंतच झाली होती. मोजणी हीच माझी अब्रू.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रामदासपेठेत घर घेतलं. शेजारी कॉलेजातून निवृत्त झालेले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक राहत. हिवाळ्यात ते दर आठवड्याला गल्लीतल्या प्रत्येक घरी एक छापील तक्ता देत. रविवारी सकाळी सात ते साडेसात, परसात दाणे टाकायचे आणि आलेले पक्षी मोजून लिहायचे. मला तक्ता मिळाला तेव्हा वरची बारीक अक्षरातली सूचना मी वाचली नाही. मोजायला मला कोण शिकवणार?

बायकोनं कडुनिंबाखाली मातीच्या परळात ज्वारी आणि कणी ठेवली. मी शाल पांघरून मागच्या पायरीवर बसलो आणि परळावर चिमणी उतरली की आकडा म्हणू लागलो. लाभ, दोन, तीन. साडेसातला एकसष्ट चिमण्या झाल्या, साळुंक्या एकोणीस, होले अकरा.

संध्याकाळी प्राध्यापकांच्या अंगणात सात-आठ शेजारी आपापले तक्ते घेऊन जमले. माझा तक्ता त्यांनी पाहिला आणि लाल पेन्सिलीनं आडवी रेघ मारली.

"एकसष्ट? अख्ख्या गल्लीत नाहीत तेवढ्या."

"मी सोताच्या डोयानं मोजल्या, सर."

"अहो, हा बाजार नाही. इथे खोटे आकडे चालत नाहीत."

कोणीतरी हसलं. माझं डोकं तापलं, पण तापलो तरी सौदा सोडायची सवय नव्हती.

"बरं, पन्नास लिहा."

"पन्नास?"

"पंचेचाळीस. याच्या खाली एकही सोडणार नाही."

"चिमण्यायचा भाव करून राहिले गा हे!" पोस्टातले एक गृहस्थ म्हणाले आणि सगळं अंगण हसलं. तिथंच माझं म्हणणं संपलं. जो आकडा बोलता बोलता खाली येतो तो खराच नसतो, हे मी स्वतः बाजारात दुसऱ्यांना ऐकवत आलो होतो.

घरी बायको म्हणाली, "काहून एवढे तापता? चिमण्याच त आहेत."

"चार माणसांत मले खोटं म्हटलं त्यायनं."

"मंग येत्या रविवारी दाखवा मोजून."

त्या रविवारी ती साक्षीला शेजारी बसली. माझे आकडे सुरू झाले. सातव्या चिमणीच्या शेपटीत एक पांढरं पीस होतं. बाविसाव्या चिमणीलाही होतं. तेहतिसाव्या चिमणीला तसंच पीस दिसलं तेव्हा मी बायकोकडे पाहिलं. तिनं पदर तोंडाला लावला होता.

"एकच आहे वं ते?"

"तुम्ही एवढ्या जोरानं मोजून राहिले, म्हणून मी बोलली नाही."

मग मी आकडे म्हणायचे थांबवले आणि नुसतं बघितलं. ती चिमणी दोन दाणे टिपायची, कडुनिंबावर जायची, परत उतरायची. संत्रं एकदा मोजलं की पलीकडच्या ढिगावर जातं, ते परत येत नाही. माझ्या हाताला वीस वर्षं एवढंच ठाऊक होतं.

आत जाऊन तक्त्यावरची सूचना वाचली. एका वेळी जास्तीत जास्त जितके पक्षी एकत्र दिसतील तितकेच लिहावेत. पुन्हा बाहेर येऊन बसलो. एका वेळी जास्तीत जास्त चौदा दिसल्या.

मी चौदा लिहिलं. खाली एक ओळ लिहिली: मागच्या रविवारचा आकडा चुकला होता, खोटा नव्हता. कुंपणाच्या भिंतीवरून तक्ता प्राध्यापकांना दिला. त्यांनी चष्मा लावला.

"चौदा. आता कसं बरोबर आलं!" असं म्हणून त्यांनी तीच लाल पेन्सिल काढली आणि खालची ओळ खोडली. "इथे फक्त आकडे लिहायचे. याला तक्त्यात जागा नाही."

पहिल्याच दिवशी त्यांनी त्या सूचनेवर बोट ठेवलं असतं, तरी काम भागलं असतं. चूक आणि खोटं यांतला फरक चौथी शिकलेल्याला कळत होता.

"तो कागद द्या परत," मी म्हणालो.

"का?"

"दोन्ही ठेवा, नाहीतर एकही नाही."

"अहो, आकडा चांगला आहे तुमचा."

"यात भाव होत नाही, सर."

ते कागद भिंतीवर ठेवून आत गेले.

त्यानंतरच्या हिवाळ्यांतही परळ भरलेलं असायचं आणि मी रविवारी पायरीवर बसायचो. एका वेळी दिसतील तेवढ्याच मोजायच्या, पहिलीला लाभ म्हणायचं. आकडे माझ्याकडेच राहायचे. प्राध्यापकांच्या तक्त्यांत आमच्या घराचा तक्ता पुन्हा कधी गेला नाही.