गलबताचं दुखणं

वडील गेले आणि वारशात मला एक गलबत मिळालं. लोकांना कलमांची बाग मिळते, भाताची खाचरं मिळतात, निदान भावाशी भांडायला सामाईक विहीर तरी मिळते. मला मिळालं ते दोन डोलकाठ्यांचं, सागवानी, वीसेक बैलगाड्यांचा माल सहज पोटात घेणारं गलबत. मी जामसंड्याला शाळामास्तर होतो. मला धड पोहताही येत नव्हतं. पण गावात आमचं घर 'गलबतवाल्यांचं' म्हणून ओळखलं जाई, आणि त्या एका शब्दाचा मला किती माज होता हे आज कबूल करायला हरकत नाही. बाजारात मासे घेताना कोळीण 'या गलबतवाले' म्हणाली की मी घासाघीस न करता पापलेट घेऊन यायचो.

गलबत बाहेरून बघणाऱ्याला शीड दिसतं. मालकाला त्याची फाटलेली शिवण दिसते. ज्येष्ठाच्या आत ते किनाऱ्यावर ओढून घ्यायचं, त्याला सगळी वाडी लागायची. लाकडी ओंडक्यांवरून इंच इंच सरकवायचं, वर झावळांचा मांडव घालायचा. मग सगळा पावसाळा त्याची शुश्रूषा. फळ्यांच्या फटींतला जुना कापूस उकरून काढायचा, नवा ठोकून भरायचा. किडीने पोखरलेल्या फळ्या बदलायच्या. तळाला चुना आणि तेल चोपडायचं. काथ्याचे दोर कुजायचे, शिडाचं कापड विरायचं, खिळे गंजायचे. यंदा सुकाणू, पुढच्या वर्षी डोलकाठी. माझ्या पगाराला पाय फुटायचे ते थेट किनाऱ्याकडेच धावायचे. बायको म्हणायची की घरात एक सवत आहे, ती फक्त पावसाळ्यात माहेरी येते आणि वर्षाचं खाऊन जाते. ती हे हसत म्हणायची तोवर ठीक होतं. पुढे तिने हसणं सोडलं.

वडिलांच्या वेळी गलबत आपल्या खर्चाचं आपण कमवायचं. गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता, आणि मधेच सरकारने तिकडची ये-जा बंद केली. कमाईचं एक तोंड बुजलं. मुंबईचा माल उरला होता, तर घाटातून ट्रक यायला लागले. व्यापाऱ्यांना ट्रक आवडायचा. त्याला वाऱ्याची वाट बघावी लागत नाही, आणि तो भिजलेली साखर उतरवत नाही. आमच्या वाट्याला जळाऊ लाकूड, काथ्या आणि कोकम राहिलं. नाकी नऊ येणं म्हणजे काय ते मी त्या तीन-चार वर्षांत शिकलो.

त्या वर्षी श्रावण लागायच्या आधी मिठबावचा मेस्त आला. मेस्त म्हणजे सुतार, पण हा फक्त नावांचा सुतार. तो वडिलांच्या वेळेपासून आमचं गलबत बघत होता. दोन दिवस तो गलबताच्या खाली आडवा पडून होता. हातोडीच्या दांड्याने ठोकायचा, कान लावायचा, पुढे सरकायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने मला मांडवाखाली बोलावलं आणि हातातली लोखंडी सळई तळाच्या मुख्य वाशात खुपसली. सगळं गलबत ज्याच्यावर उभं असतं तो हा वासा, गलबताचा पाठीचा कणाच. सळई चार बोटं आत गेली. त्याने जोर केलाच नव्हता.

"मास्तरांनू, तळाचो वासो कुजलो आसा," तो म्हणाला. "बदलूचो तर आख्खी नाव उघडूची लागतली. तशीच लोटलास तर कायव सांगूक येना नाय. तांडेलाक सांगा."

आमच्याकडे एक रीत होती. मेस्त गलबताचं दुखणं फक्त मालकाच्या कानात सांगतो. खलाशांसमोर बोलत नाही, तांडेलासमोरही नाही. बंदरात बोभाटा झाला तर कुणी माल देत नाही, म्हणून ही रीत. पुढे तांडेलाला सांगायचं ते मालकाने. गलबत समुद्रावर नेणारा प्रमुख तो, त्याचा जीव त्या गलबतावर असतो, म्हणून त्याला न सांगणारा मालक मी तरी तोवर ऐकला नव्हता.

आमचे तांडेल पावसाळ्यात आपल्या मूळ गावी भातलावणीला जात. ते परत येईपर्यंत माझ्याकडे महिना होता. त्या महिन्यात मी काय काय केलं ते सांगण्यासारखं नाही. सागाच्या एवढ्या लांब एकसंध वाशाची चौकशी केली, आणि ऐकून घरी येऊन आडवा झालो. विमा काढायचा विचार केला, पण विम्याला तपासणी लागते आणि मी तपासणीलाच भीत होतो. बांद्याचा एक लाकूडवाला येऊन गेला. मोडून सरपण आणि जुनं सागवान म्हणून तो घ्यायला तयार होता. बायको त्याला चहा देताना माझ्याकडे बघत राहिली. मला हो म्हणता आलं असतं. दुसऱ्या दिवशीपासून मी नुसता मास्तर झालो असतो, एवढंच. मी लाकूडवाल्याला विचार करून सांगतो म्हणालो. मग मेस्ताला सांगितलं की फटी नीट भर, वरून तेल-चुना दे. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कामाला लागला. तांडेल आले तेव्हा तळ पांढराशुभ्र दिसत होता. त्यांनी हात फिरवला आणि मेस्ताने काम छान केलंय म्हणाले.

समुद्राला नारळ दिला. पण आमचे तांडेल देवाचा कौल झाल्याशिवाय हंगामाची पहिली फेरी करत नसत. गावच्या देवळात पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतात, मालक विचारेल तो प्रश्न पुजारी देवापुढे मांडतो, आणि उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवाचा होकार. आम्ही सगळे गेलो. पुजाऱ्याने गाऱ्हाणं घातलं, की बाबा, ही तुझ्या लेकराची नाव बाहेर पडते आहे, तिला बरी वाट दे. मग त्याने नेहमीप्रमाणे माझ्याकडे वळून विचारलं.

"आणि काय सांगूचा आसा?"

हे विचारणं रीतीचंच होतं. कुणी घरातलं आजारपण सांगे, कुणी वैर सांगे. देवापुढे सगळं ठेवूनच कौल घ्यायचा असतो. तांडेल शेजारी हात जोडून, डोळे मिटून उभे होते. मला वाटलं, देवाला काय सांगायचं, तो जाणतोच. आणि तो जाणत असेल आणि तरी उजवा देईल, तर मग माझ्यावर काही येत नाही. शिकलेला माणूस मी, मुलांना विज्ञान शिकवणारा, आणि माझा हा हिशेब.

"काय नाय," मी म्हणालो.

उजवी पाकळी पडली. सगळे 'व्हय महाराजा' म्हणाले. मीही म्हणालो. त्या क्षणी मला खरंच हलकं वाटलं, यासारखी लाजिरवाणी गोष्ट माझ्या आयुष्यात दुसरी नाही.

गलबत मुंबईला सुखरूप पोचल्याचं पत्र आलं. परतीला निघाल्याचंही कळलं. मग काही कळेना. यायचा दिवस गेला, त्यानंतर पाच दिवस गेले. वारा पडला नव्हता, वादळ नव्हतं, आकाश धुतल्यासारखं स्वच्छ. मी शाळा सुटली की देवगडच्या टेकडीवर जाऊन बसायचो. दूर एखादं शीड दिसलं की उठायचो, आमचं नाही कळलं की बसायचो. जेवण उतरेना. वर्गात फळ्यावर गणित लिहायचो आणि मधेच थांबायचो, मुलं वाट बघत बसायची.

त्यात तांडेलांची बायको. ती नवऱ्याची खबर काढायला रोज तिन्हीसांजेला आमच्याकडे यायची. पडवीत बसायची. माझी अवस्था बघून ती स्वतःची काळजी विसरायची आणि माझीच समजूत घालायची. आपल्या परसातली वाल-भाजी आणायची, माझ्या बायकोला सांगायची की मास्तरांना गरम वाढ.

"मास्तर, तुमी कित्याक जीव जाळतास? देवान उजवो कौल दिल्यान ना? मग ते खंय जातत?" ती म्हणायची.

एकदा मी तिला सांगायला तोंड उघडलं. तिने पदराने माझ्या धाकट्या मुलीचं नाक पुसलं आणि माझ्याकडे वर पाहिलं. मी पाणी मागितलं.

सहाव्या दिवशी सकाळी तांडेल स्वतः आले, चालत. धोतर चिखलाने ताठ झालेलं. हातात कापडात गुंडाळलेलं होकायंत्र होतं, माझ्या वडिलांचं. ते त्यांनी पडवीच्या कडेला ठेवलं आणि स्वतः खाली अंगणात बसले. वर या म्हटलं तरी आले नाहीत. रत्नागिरीच्या अलीकडे एका खाडीच्या तोंडाशी ते पाण्यासाठी शिरत होते. तिथे पाण्याखाली वाळूचा बांध आहे. गलबत किंचित टेकलं. अशी गलबतं त्यांच्या हातून शंभरदा टेकली होती आणि शंभरदा निघाली होती. या वेळी खालून नुसता एक आवाज आला, आणि ते मधोमध उघडलं. खलाशी सगळे वाचले. माल गेला, गलबत गेलं. चार दिवस ते तिथे बसून भरतीबरोबर वर येणाऱ्या फळ्या गोळा करत होते, काही वाचतं का म्हणून.

"पाण्याचो अंदाज माजो चुकलो," ते म्हणाले. "तुमच्या बापाशीन माज्या हातात दिल्यानी, ती मी बुडवून इलंय."

आता इथे मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला सांगायला नको. खलाशी वाचले होते, गलबत तर गेलंच होतं. खरं सांगण्यात आता गमावण्यासारखं माझ्याकडे फक्त माझं नाव होतं. माझ्या मनात पहिला विचार काय आला, तोही सांगतो. पुढच्या पावसाळ्यात मेस्ताला बोलवावं लागणार नाही, हा विचार. आणि मग मी उठलो, अंगणात उतरलो, त्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाव देत, तांडेलानू. व्हायचा ता झाला. माज्या मनात काय नाय."

मी त्यांना माफ केलं. ते लहान मुलासारखे रडले. माझी बायकोही पदर डोळ्यांना लावून दारात उभी होती, कारण तिला वाशाचं काही माहीत नव्हतं. दोन-तीन दिवसांत सगळ्या बाजारात झालं की मास्तर केवढ्या मनाचा, एवढं गलबत बुडालं पण तांडेलाला उणा शब्द नाही. मुख्याध्यापकांनी शिक्षकांसमोर माझं उदाहरण दिलं. मेस्त एकदा आठवडी बाजारात समोरून आला. मला बघून तो टोपल्यांच्या दुकानाआडून निघून गेला. त्याने कुणाला काही सांगितलं नाही. दुखणं मालकाच्या कानातच राहिलं.

पुढच्या हंगामाआधी मिठबावचे एक गलबतवाले मला भेटायला शाळेत आले. त्यांना तांडेल हवा होता, आणि आमच्या तांडेलांनी त्यांच्याकडे शब्द टाकला होता. ते सरळ माणूस. उजवा कौल असताना, स्वच्छ हवेत गलबत घालवणारा माणूस ठेवायचा की नाही, हे त्याच्या जुन्या मालकाखेरीज कुणाला विचारणार? चूक खरंच त्याची होती का, तुम्ही म्हणाल तसं करतो, एवढंच ते म्हणाले. शाळेच्या व्हरांड्यात आम्ही दोघंच होतो. आत मुलं पाढे म्हणत होती.

चूक त्यांची नव्हती, एवढं म्हटलं की पुढचा प्रश्न होता, मग कुणाची.

"माणूस चांगलो आसा," मी म्हणालो. "पण आता वय झाला."

त्यांनी मान हलवली, पाणी प्यायले आणि गेले. त्यानंतर आमच्या तांडेलांना कुणीही गलबत दिलं नाही. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेला तो माणूस कुणाच्या तरी आंब्याच्या बागेत राखणीला राहिला, हातात गोफण घेऊन माकडं हाकायला. बागेवरून माझा शाळेचा रस्ता जायचा. मला पाहिलं की ते बागेच्या दगडी गडग्याशी येऊन उभे राहत, बरोबर कुणी असेल तर त्याला थांबवत.

"ह्यांची नाव मी बुडवलंय," ते त्याला सांगत, "पण मास्तर माका एक शबूद बोलूक नाय."