मुद्देमालातल्या गोळ्या

ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. पोलिसातली नोकरी मी मुदतीआधीच सोडली. आता परळमध्ये कॅन्सरच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी काम करते. पण त्या दिवशी बसलेला धक्का काही ओसरत नाही.

मी लालबागच्या बाजूला एका ठाण्यात फौजदार होते. बातमीदाराचा फोन आला, "करी रोडला एक काळ्या उभा आहे. खिशात गोळ्या आहेत." बातमी एवढीच. पथकाला तेवढी पुरली.

आफ्रिकेतून आलेला तरुण होता, हिंदी मोडकं. झडतीत मॉर्फिनच्या गोळ्या निघाल्या. पंचनामा झाला, पाकिटावर लाखेचं सील बसलं.

"कुणाला विकतोस?" हवालदारांनी विचारलं.

"मम्मी को. मम्मी दर्द."

"आईलाच गिऱ्हाईक केलंस? गुणी आहेस." सगळे हसले.

पाकिटावर परळच्याच कॅन्सर रुग्णालयाचं लेबल होतं. मी म्हटलं, "साहेब, फोन करून विचारू का?"

"हे लोक लेबलं घरी छापतात. तू नवीन आहेस."

हेच पाकीट माझ्या भावाच्या खिशात सापडलं असतं, तर साहेबांनी त्याला खुर्ची दिली असती, आईची चौकशी केली असती. ह्याला लॉकअप. फरक फक्त कातडीचा होता.

संध्याकाळी त्याची घरमालकीण ठाण्यात आली. चाळीतल्या खोल्या रुग्णांना भाड्याने देणारी मालवणी बाई.

"मॅडम, माझो भाडेकरू खंय हा? गोळ्यो घेवन येतंय म्हणान गेलो तो येवकच नाय. आवस थंय तळमळता. उशी चावता ओ ती."

कुणी हसलं नाही. मग कुठे फोन गेला. डॉक्टरांनी ओळख पटवली, नवीन गोळ्या देतो म्हणाले. साहेबांनी तरुणाला सोडलं. गोळ्या मात्र सोडता येईनात, त्या मुद्देमाल झाल्या होत्या. कोर्टाच्या हुकमाशिवाय बाहेर नाही.

मी त्याला घेऊन खोलीवर गेले. आई भिंतीकडे तोंड करून गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. नवीन गोळ्या आणायला तो एकटा जायला तयार होईना. घरमालकीण म्हणाली, "बाजूच्या खोलयेतली त्यांचीच माणसांय औषध आणूक गेली नाय. सांगतत, आमकाय धरतले. त्यापेक्षा दुखांदे."

आम्ही पकडला एक निरपराध माणूस आणि औषध तुटलं अख्ख्या मजल्याचं. ह्याला कायदा-सुव्यवस्था म्हणायचं?

मीच त्याच्यासोबत रुग्णालयात गेले. औषधाच्या रांगेत उभे राहिलो. पुढच्या बाईंनी माझी वर्दी पाहिली, त्याला पाहिलं, पर्स पोटाशी घेतली आणि हळूच विचारलं, "मॅडम, काय केलं ह्याने?"

"आईचं औषध घ्यायला आलाय."

तरी त्या एक पाऊल सरकल्याच.

गोळ्या मिळाल्या. त्याची आई त्या रात्री झोपली. पण मला एक कळलं. वर्दी सोबत असली की तो गुन्हेगार दिसतो, आणि सोबत नसली की वर्दी त्याला उचलते. पुढच्या खेपेपासून मी साध्या कपड्यांत जाऊ लागले. नोकरी सुटली, ते जाणं सुटलं नाही.

त्या चाळीतले रुग्ण बदलत राहतात. नवीन आलेले नातेवाईकही पहिल्याच दिवशी मला विचारतात, "मॅडम, आप साथ चलोगी ना? तभी दवा लाने निकलेंगे."