जावईबापूंची सही

माझ्या थोरल्या बहिणीने एकेचाळिसाव्या वर्षी सॉलिसिटर व्हायचं ठरवलं, आणि तेव्हापासून आमच्या घरात कुणाला सुखाने मरायचीही सोय राहिली नाही. शाळेच्या ऑफिसात वर्षानुवर्षं नोकरी केलेली बाई. वकिली करायचीच होती तर भाडेकरूंची करावी, कारखान्यांची करावी. हिने निवडलं काय, तर मृत्युपत्रं, ट्रस्ट आणि मेलेल्यांच्या इस्टेटी! का, तर म्हणे या कामात अशील तक्रार घेऊन परत येत नाही. हा विनोद तिच्या सीनियर बाईंचा. ताईने तो आम्हाला इतक्यांदा ऐकवला की शेवटी भाऊजीसुद्धा हसायचे थांबले.

ताई मुळातच शिस्तीची. आधीच मर्कट, तशातही मद्य प्याला! मृत्युपत्राच्या मूळ कागदाला पिन टोचायची नाही, टोचलेली असेल तर काढायची नाही; भोक दिसलं की कोर्ट विचारतं, इथे आणखी काय जोडलेलं होतं? हे शिकल्याच्या दिवशी घरातला स्टेपलर माळ्यावर गेला. विजेची बिलंसुद्धा सुटी उडायची. जेवायला बसलं की ट्रस्ट समजावून सांगायची. "हे बघ, हे भांडं माझ्या ताब्यात आहे, पण त्यातलं खायचा हक्क तुझा."

"मग वाढ ना," मी म्हणायचे.

आई गेल्यावर ताई आणि भाऊजी बाबांकडे राहायला आले. खाली बाबांचं बंद केलेलं चष्म्याचं दुकान, वर तीन खोल्या. बाबांची अंघोळ, औषधं, दवाखाना आणि त्यांचा तापटपणा, सगळं त्या दोघांनी काढलं. मी दुसऱ्या गावात. सुट्टीत फळं घेऊन यायचे आणि जाताना सल्ले देऊन जायचे. घर ताईला द्यायचं हे बाबांनी आम्हा सगळ्यांसमोर सांगितलं होतं, आणि त्याबद्दल कुणाचीच काही तक्रार नव्हती. फक्त ते लिहायचं राहिलं होतं.

"घरात वकील असताना बाहेर कशाला जायचं? काखेत कळसा आणि गावाला वळसा! लिही तू," बाबा म्हणाले.

"घर मला मिळणार असेल तर मी लिहायचं नाही. माझ्या ऑफिसातही नाही. दुसरा वकील बघते."

"म्हणजे मी तुझ्यावर विश्वास ठेवायचा नाही?"

"या बाबतीत नाही."

आता सांगा, बापाला असं उत्तर देतात का? त्यांचा राग कायमचाच नाकाच्या शेंड्यावर. ताई वकिलाची वेळ ठरवायची आणि नेमका त्याच सकाळी बाबांचा गुडघा दुखायचा. मी फोनवरून दोघांवर ओरडायचे. उपयोग शून्य.

मग एका दुपारी बाबा झोपेतच गेले.

दुकान आवरताना गल्ल्याच्या खणात मृत्युपत्र सापडलं. बाबांनी स्वतः लिहिलेलं, अक्षर कसं मोत्यासारखं. घर थोरलीला, बाकी सगळं धाकटीला. तारीख, सही, दोन साक्षीदार, कशाला म्हणून बोट ठेवायला जागा नाही. मला हुंदका आवरेना. ताईने चष्मा लावला, कागद शेवटपर्यंत वाचला आणि नेमकं शेवटच्या सहीवर बोट ठेवलं.

"ही दुसरी सही तुमची?" तिने भाऊजींना विचारलं.

भाऊजी शोकेसला टेकून उभे होते. "हो. शेजारचे काका आले होते. बाबा म्हणाले, जावईबापू, तुम्हीही करून टाका. हिला सांगू नका, उगाच कटकट करेल."

तेव्हा ताईने सांगितलं ते ऐकून माझं डोकंच फिरलं. आम्हाला लागू होणाऱ्या कायद्यात, ज्याला काही मिळायचं आहे त्याच्या नवऱ्याने किंवा बायकोने साक्षीदार म्हणून सही केली, तर मृत्युपत्र टिकतं, पण त्याला दिलेलं तेवढं रद्द होतं. म्हणजे घर आता 'बाकी सगळं' मध्ये गेलं. म्हणजे माझ्याकडे.

"कोण बघायला आलंय?" मी ओरडले. "आपण तिघंच तर आहोत इथे!"

"मी बघितलंय," ताई म्हणाली.

अशा बाईचं करायचं काय? दुसऱ्या दिवशी ती भाड्याची जागा शोधायला लागली. भाऊजींचं जेवणावरचं लक्ष उडालं. मी म्हटलं, "घर तुझंच आहे. मी तुला लिहून देते. कर कागद."

"मी नाही करू शकत. तू तुझा वेगळा वकील घे. आणि नीट विचार कर. पोरं मोठी होतायत, तुम्ही अजून भाड्याने राहता. हे घर तुझ्या हक्काचं आहे."

ते खरं होतं, म्हणून तर मला जास्तच राग आला. बाबांची सेवा हिने करायची, कायदाही हिनेच शिकायचा, आणि घर मात्र मी घ्यायचं?

मी वकील शोधला. कागद तयार झाल्यावर ताईच मला गाडीतून घेऊन गेली. वकिलाने तिला बाहेर बसवलं, दार लावलं आणि अगदी ठरलेल्या सुरात मला विचारलं, "तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

"आहे," मी म्हणाले.

त्याने चटकन मान वर केली.

"बहिणीचा. देऊ नकोस म्हणून. येताना रस्ताभर तेच चाललं होतं. ती आत यायच्या आधी सही कुठे करायची ते दाखवा."